घरटी एक

ग्रंथपालबाईंनी तिकिटासाठी हात पुढे केला आणि तो तसाच अधांतरी राहिला. कंडक्टरच्या हातालाही दोनच बोटं होती. मध्ये खोल खाच, खेकड्याच्या नांगीसारखी. हुबेहूब त्यांच्यासारखी.

"मागे सरका, जागा आहे," तो म्हणाला. एवढंच.

पन्नाशी उलटेपर्यंत असा हात बाईंनी फक्त स्वतःचाच पाहिला होता. "लाखात एखादं मूल असं जन्मतं," डॉक्टर मागे सहज बोलून गेले होते, "पण डोंगरापलीकडच्या त्या खोऱ्यात घरटी एक तरी सापडेल. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरिकी, दुसरं काय!" ते वाक्य बाईंच्या मनात घर करून राहिलं. आई गेली, रिकामं घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी बॅग भरली.

जिथे खोली घेतली, त्या घरची म्हातारी दोन बोटांचीच. तिने बाईंचा हात उलटासुलटा करून पाहिला.

"कोणाची गं तू?"

"इथली नाही, मावशी. आमच्यात कोणालाच असं नाही."

"मग हात काय वाटेत सापडला?"

म्हातारी खळखळून हसली. शेजारणी जमल्या, सगळी नातीगोती चाळून झाली, पण कुठेच धागा जुळेना.

"असू दे. पाहुणी तर पाहुणी," म्हातारी मायेने म्हणाली. बाईंनी आपला हात हळूच मागे घेतला.

दुपारी त्या स्वयंपाकघराकडे गेल्या. सून शेंगा चिरत बसली होती. सुरीची मूठ मधोमध खाच पाडून दोन बोटांसाठी घडवलेली. तिच्या हातात ती सारखी फिरत होती. सुनेला पाच-पाच बोटं होती.

"दहा बोटं, पण एक शेंग धड चिरता येईल तर शपथ!" बाहेरून म्हातारीचा आवाज आला. अंगणात हशा पिकला. त्यात वाईट काहीच नव्हतं.

सुनेने चटकन हात शालीखाली घेतले.

बाई दारातच थबकल्या. असे हात लपवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"तू कुठली गं?"

"तुमच्याच शहरातली," सून खाली बघत म्हणाली. "तिथे माझ्या हातांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं हो."

बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. सुरी त्यांच्या हातात चपखल बसली. त्या शेंगा चिरू लागल्या.

"बाजारातला तो चष्मेवाला अजून आहे का?" सुनेने हळूच विचारलं.

त्या रस्त्याने बाई आयुष्यभर मान खाली घालून चालल्या होत्या. दुकानदारांचे चेहरे त्यांना आठवेनात.

"त्याच्या पायरीला तडा होता," त्या म्हणाल्या. "तो अजून तसाच आहे."

"तो तडा!" सुनेचे हात शालीबाहेर आले. "शाळेतून येताना आम्ही त्याच्यावरून उडी मारायचो."