हंबीररावांच्या गोठ्यातला कासरा

मी एक जुना कासरा आहे. मित्रांनो, गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. मी उकिरड्यावर पडलो आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

घायपाताची पाने कुजवून, ठेचून, धुऊन वाख, म्हणजे चिवट तंतू, काढतात. त्याला पीळ देऊन मला वळले. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात हंबीररावांनी मला घरी आणले. खुंट्याला बांधून ठेवणे हे दाव्याचे काम. कासरा जनावराबरोबर चालतो. माझे एक टोक म्हशीला आणि दुसरे अमरसिंहांच्या हातात असे. हे हंबीररावांचे धाकटे भाऊ. म्हैस थांबली की तेही थांबत, मला हिसका देत नसत. एवढा हलका हात गावात दुसरा नव्हता.

मग अमरसिंह आजारी पडले. जवळ कोणी नसताना त्यांना आवाज ऐकू येत. विहिरीत विष कालवले आहे, असे म्हणून ते भरलेल्या घागरी ओतून देत. गावाने लगेच नाव ठेवले, येडा अमऱ्या. त्यांची पुतणी, हंबीररावांची मुलगी संयोगिता मात्र त्यांना कोल्हापूरला राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू आवाज विरले आणि मी पुन्हा त्यांच्या हातात आलो.

पण संयोगिताचे लग्न काढले आणि घराची बुद्धी फिरली.

"बरा झालाय की आता," आजी चिमणाबाई म्हणाल्या. "त्या गोळ्या पावण्यांच्या नजरंला पडल्या म्हंजे? येड्याच्या घरातली पोर कोण करून घेईल?"

हंबीररावांनी गोळ्या चुलीत टाकल्या. डॉक्टरांना विचारले नाही, पोरीला सांगितले नाही. थोड्याच दिवसांत घागरी पुन्हा ओतल्या जाऊ लागल्या. मग बघण्याच्या दिवशी मला खुंटीवरून काढले आणि सख्ख्या भावाचे हात गोठ्यातल्या मेढीला, छपराच्या खांबाला, आवळले. काका आत्याकडे चंदगडला गेलेत, असे संयोगिताला सांगितले. मारक्या म्हशीलाही कोणी असे आवळत नाही!

आणि लपवले कुठे, तर गोठ्यात! आमच्याकडचा पाहुणा पोहे संपवून उठतो, तो आधी म्हशी बघतो. लाजेने डोळे मिटलेल्या माणसाला हेही आठवले नाही.

मुलाचे वडील बाळासो मिशा पुसत उठले. "चला हंबीरराव, म्हशी दावा."

"नगो पावणं, म्हस मारकी हाय."

"आमच्या मालकिणीपेक्षा मारकी हाय व्हय?" हसत हसत ते आत शिरलेसुद्धा.

अमरसिंहांनी मान वर केली. "पाणी पिऊ नका, पावणं. विहिरीत विख हाय."

बाळासोंचे हसू विरले. "ह्ये कोण?"

"गडी हाय," हंबीरराव म्हणाले. "दारू प्यालाय."

सख्खा भाऊ, आणि गडी! मला जीभ असती तर तिथेच बोललो असतो.

काकांचा आवाज ऐकून संयोगिता नव्या साडीनिशी धावत आली. "गडी न्हाय, काका हाय माझा! आजारी हाय." तिने दातांनी माझी गाठ सोडवली. काकांच्या मनगटावर माझे वळ उमटले होते.

"पोरगी चांगली हाय," बाळासो टोपी नीट करत म्हणाले, "पर ह्ये रक्तात असतंय. आमाला नगो."

"तुमच्या घरात कुणाला शुगर न्हाय व्हय, पावणं? त्यास्नी पण मेढीला बांधून घालता काय?" संयोगिताने विचारले.

पाहुणे चहा न घेताच गेले.

"वाटोळं केलंस!" हंबीरराव ओरडले. "बस आता जन्मभर घरात!"

"बसते की. आधी काकास्नी दवाखान्यात नेते."

भावावर हात टाकता येईना, पोरीवर टाकता येईना. हंबीररावांनी मला उचलले आणि इथे फेकले. समोरच एसटीचा थांबा आहे. ती दोघे तिथे उभी राहिली. थोड्या वेळाने हंबीररावही आले, पण लांब, पाठ करून.

"दादा," अमरसिंहांनी घाबरून विचारले, "विहिरीचं पाणी प्यालास व्हय?"

ज्याने बांधले, त्याच्याच जिवाची त्यांना काळजी! हंबीररावांची मान खाली गेली. "न्हाय रं," एवढेच ते म्हणाले. एसटी आली तेव्हा त्यांनीच भावाला दंडाला धरून वर चढवले. "तीन कोल्हापूर," म्हणाले. माफी मागितली नाही. संयोगिता काकांचा हात धरून खिडकीशी बसली.

मित्रांनो, मन आजारी पडते, तशी मनाला औषधेही असतात. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नका. घरातल्या आजारी माणसाला कोणी येडा म्हणाले, तर म्हणणारा वयाने मोठा असला तरी त्याला गप्प करा. तेवढा उद्धटपणा तुम्हाला माफ आहे. आणि अशा माणसासाठी कोणी दोरी शोधू लागले, तर तुम्ही आधी जाऊन त्या आजारी माणसाचा हात हातात धरा.