दुसरी वात

आनंदीबाईंनी चिमट्याने वात ओढली तसा हरिश्चंद्रने उशीचा कोपरा दातांत धरला. वात म्हणजे गॉजची वळलेली पट्टी, वीतभर लांब. माकडहाडाशी डॉक्टरांनी गळू फाडून जी पोकळी उघडी ठेवली होती, तिच्यातून ती पिवळी होऊन निघाली. आनंदीबाईंनी ती करवंटीत टाकली.

मागच्या पडवीत, उंबऱ्यापासून दोन हात लांब बसलेली सगुणा मान उंच करून बघत होती.

"एकच निघाली?" तिने विचारले.

"मग किती हव्यात तुला?" सासूबाई मागे न वळता म्हणाल्या.

परवा, रविवारी सकाळी, पट्टी सगुणानेच केली होती. गॉजची गुंडाळी संपत आली होती. एक तुकडा तोकडा पडला, म्हणून तो आत सारून तिने त्यावर दुसरा भरला. सकाळी आपणच तर काढणार, असे तिच्या मनात होते. पण दुपारी तिला कावळा शिवला आणि ती चार दिवसांसाठी बाजूला बसली. वेगळी चटई, वेगळे ताट, वरून ओतलेले पाणी. सोमवारी आनंदीबाईंनी पट्टी बदलली तेव्हा ती पऱ्यावर, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात, आपले कपडे धूत होती. सांगायचे राहून गेले. राहून गेले म्हणजे डोक्यातच आले नाही, आणि याला दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती.

"आई, रविवारी मी दोन घातलेल्या. बारकी एक आत हाय अजून."

"काल एक निघाली, आज एक निघाली. झाल्या की दोन."

"आजची ती तुम्ही काल घातलेली."

आनंदीबाई नवी वात वळता वळता म्हणाल्या, "या वाडीतली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्माला आली. मला चिंधी कळत नाय?"

सुईणपणाचा हा दाखला आमटीत मीठ कमी पडले तरी निघायचा. पण सगुणाने हेही पाहिले होते की अलीकडे सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरला नाक टेकवून तारीख बघतात, आणि तांदूळ निवडायला बसल्या की खडे तसेच राहतात. घरात कुणी ते बोलत नव्हते. बोलणार कोण? वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो.

"तोंड मिटत आलंय बघ, हरी," आनंदीबाई लेकाला म्हणाल्या. "दोन दिवसांत खडखडीत होशील."

हे ऐकून सगुणा जास्तच घाबरली. रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला समोर उभे करून सांगितले होते, वरून मिटू द्यायची नाही, जखम तळातून भरत आली पाहिजे. तोंड आधी मिटले तर परत फाडावी लागेल. बावीस तारखेला हरिश्चंद्रची मुंबईत मेडिकल होती. चौदा वर्षे बोटीवर काढलेला माणूस, पण मेडिकल चुकली की बोट त्याच्यासाठी धक्क्याला थांबणार नव्हती. आज बारा तारीख होती.

"अहो," ती आत बघून म्हणाली, "ताप हाय का अंगात?"

"थंडी वाजत्ये थोडी," पालथा पडलेला हरिश्चंद्र म्हणाला. "आये, ती सांगत्ये तर बघ ना एकदा."

आनंदीबाई उठल्या आणि दाराशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता तेवढीच भीतीही होती.

"तू तिकडे सर. उघड्या जखमेवर तुझी सावली पडते म्हणून तं ताप चढतोय. काल चढला, आज चढला. रविवारपर्यंत होता काय?"

सगुणाने हरिश्चंद्रकडे पाहिले. त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. सिंगापूरचा टेपरेकॉर्डर आणणारा, सात समुद्र पालथे घालणारा माणूस, पण या एका गोष्टीत तो आईच्या पलीकडे गेला नव्हता. त्या क्षणी तिला त्याचा मनापासून राग आला. मग तिला स्वतःचीच शंका आली, की खरेच सावलीने तर नसेल? ती उठून पडवीच्या टोकाला, सरपणाच्या भाऱ्याशी जाऊन बसली. तिथून आतले काही दिसत नव्हते.

दुपारी हरिश्चंद्र पेजेला नको म्हणाला. आनंदीबाईंनी मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या आणि त्या तडतडल्या नाहीत म्हणून पुन्हा टाकल्या. सगुणा लांबूनच म्हणाली, "पाचच्या एस.टी.ने रत्नागिरीला नेऊ या."

"बसवशील कशावर त्याला? येतानाच्या धक्क्यांनी अर्धमेला झालेला. गुरवारी बोलावलंय डॉक्टरनं, तेव्हा नेऊ."

"गुरुवारपर्यंत..." सगुणाने नाक वर करून हुंगले.

तिला वास येत होता. सरपणाच्या, शेणाच्या, सुकत घातलेल्या बांगड्यांच्या वासातून तो वेगळा येत होता. आनंदीबाईंनाही आला असावा, कारण थोड्या वेळाने चिमटा पुन्हा पातेल्यात उकळत ठेवल्याचा आवाज आला. मग टेपरेकॉर्डर लागला. पट्टीच्या वेळी भजन मोठ्याने लावायचे, म्हणजे लेकाचे ओरडणे शेजारी जात नाही, ही आनंदीबाईंची युक्ती होती. बोटीवरच्या माणसाने रडल्याचे वाडीला कळता कामा नये.

आज भजन पुरे पडले नाही. हरिश्चंद्रची किंकाळी अशी आली की सगुणा उभीच राहिली.

"आये, तिथे नाय! तिथे मांस हाय माझं!"

"हालू नको रे... हालू नको, मला दिसू दे..."

दुसरी किंकाळी आली तेव्हा सगुणा न्हाणीपाशी पोचली होती. तिने हंड्यात लोटा बुडवला. ज्या हंड्याला दोन दिवस बोट लावले नव्हते त्यातलेच कढत पाणी हातांवर घेतले, लाल साबण कोपरापर्यंत चोळला, हात धुतले. उंबऱ्याशी ती थबकली. आत जाऊन त्याचे काही बरेवाईट झाले तर जन्मभर ते आपल्याच पदरात पडेल, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने पाय आत टाकला.

आनंदीबाई खाटेशी गुडघ्यांवर होत्या. चिमटा हातात होता आणि डोळे जखमेला टेकायला आले होते; सकाळची वात करवंटीत पडली होती. जखमेच्या कडेला ताजे रक्त आले होते. त्यांनी सगुणाकडे पाहिले, पण ओरडल्या नाहीत. सगुणाने त्यांच्या बोटांतून चिमटा सोडवून घेतला. बोटाला बोट लागले.

"खिडकी उघडा," ती म्हणाली. आनंदीबाईंनी खिडकी उघडली.

चिमटा पुन्हा उकळत्या पाण्यातून काढून सगुणा खाली बसली. तोंड खरेच मिटत आले होते. वरचा पापुद्रा सरकवला तसा हरिश्चंद्र आक्रसला.

"श्वास सोडा. सोडा हळू. मी हाय."

"तू आत कशी..."

"नंतर बोला."

चिमटा आत गेला, खालच्या अंगाला, जिथे तिने रविवारी तो तुकडा सारला होता. एकदा काहीच लागले नाही. दुसऱ्यांदा मऊ काहीतरी लागून सुटले. हरिश्चंद्रने खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. तिसऱ्यांदा तिने श्वास रोखून चिमटा आवळला आणि बोटभर लांबीची, हिरवट पडलेली पट्टी बाहेर आली. तिच्यामागून पू आला, बराच आला. वासाने सगुणाचे डोळे पाण्याने भरले. वासानेच, असे तिने स्वतःला सांगितले. हरिश्चंद्र मात्र लाज न धरता रडत होता.

"निघाली," ती म्हणाली. "चूक माझी. मी सांगायला हवं होतं."

सगुणा जखम धूत होती, आनंदीबाई पाणी ओतत होत्या, आणि भजन संपून टेप नुसताच घरघरत होता.

तेवढ्यात पुढच्या दारातून शेजारची गोदा शिरली. "काय गो काकी, आमच्या बाबल्याचे बापूस म्हणाले, हरीभाऊ ओरडले म्हणून..." ती बोलता बोलता थांबली. तिचे डोळे खाटेशी बसलेल्या सगुणावर आणि तिथून देव्हाऱ्यावर गेले. काल पऱ्यावर दोघी शेजारच्या दगडांवर होत्या. सगुणा कोणते कपडे धूत होती, ते गोदाला चांगले माहीत होते.

सगुणाचा हात थांबला. संध्याकाळपर्यंत वाडीभर होणार, आणि उद्या ताप राहिला तर का राहिला तेही वाडीच सांगणार.

"न्हाली ती," आनंदीबाई म्हणाल्या.

"न्हाली? अगो, पण काल तं..."

"माझ्या घरातले दिवस मोजायला तुला ठेवलीय काय? न्हाली म्हणून सांगितलं ना. जा, घरी चुलीवर काय ठेवून आली असशील ते करपेल."

गोदा गेली. आनंदीबाईंनी पुढचे दार लावले. मग त्या मागच्या दाराने विहिरीकडे गेल्या. रहाटाचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. एक, दोन, तीन कळशा. सगुणाने नवी वात भरली, या वेळी एकच, आणि तिचे टोक बाहेर नीट दिसेल असे ठेवले. हरिश्चंद्रने मागे हात करून तिचे मनगट चाचपले आणि धरून ठेवले.

आनंदीबाई परतल्या त्या नेसत्या लुगड्यानिशी भिजून. पांढऱ्या केसांतून पाणी गळत होते. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहून त्या डोळे बारीक करून आत बघत होत्या. खाटेवर काय दिसत होते त्यांना, कोण जाणे.

"उद्याची पट्टी किती वाजता करायची?" त्यांनी विचारले.

"सकाळी. आठला." सगुणा उठू लागली. "मी जाते बाहेर. तुम्हाला सांगेन तिथूनच कशी..."

"नको. तूच कर." त्यांनी पदराचे टोक पिळले. "मी आपली नंतर रोज न्हाईन."