जांभळीच्या डोहाची राखण

“असं नाय हो! नुसता पाव काय टाकताय? आदी त्यांना बोलवाया लागतं,” असं म्हणत जयवंता कातळावर उकिडवी बसली. साडीवर चढवलेल्या खाकी शर्टाची बाही तिनं वर सारली आणि पाण्यावर तळहाताच्या थापा मारल्या. “याऽऽ गं बायांनो, याऽऽ!”

आणि आले की! डोहाच्या काळ्या पाण्यात आधी सावल्या हलल्या, मग हातभर लांबीचे, पितळी खवल्यांचे मासे तिच्या बोटांपाशी येऊन तोंडं वासू लागले. रविवारच्या पाहुण्यांनी मोबाइल वर धरले. सगळ्यांत पुढं थोरली होती. शेपटीचा वरचा कोपरा तुटलेली, अंगानं सगळ्यांत भारी. “हिचा मान पयला,” म्हणत जयवंतानं भाताचा गोळा थेट तिच्या तोंडात दिला.

“काकू, कुणीही थाप मारली तरी येतात?” टोपीवाल्या एकानं विचारलं.

“कुनी बी मारा! माज्या पोरी हायेत त्या. पावन्याला नाय म्हनायच्या नायत.”

हे बोलताना तिची छाती किती फुगली होती ते विचारू नका.

आता खरं सांगायचं तर हे तिचं काम नव्हतं. कशेळ्याच्या अलीकडे पेज नदीचा हा तुकडा वनखात्यानं आणि गावानं मिळून माशांसाठी राखून ठेवला होता आणि जयवंता तिथली रखवालदार होती. कागदावर हे मासे ‘महाशीर’. गावात मात्र ‘देवीचे मासे’, कारण डोहाच्या काठी जांभळीखाली देवीचा शेंदरी दगड आहे. रोज सकाळी उजाडलं की जयवंता राखीव हद्दीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याकाठानं चालायची. रात्री कुणी लावलेली जाळी ओढून काढायची, अडकलेले गळ सोडवायची, पाणी ओंजळीत घेऊन, मासे मारायला टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीचा वास येतो का बघायची. वीजकेंद्राकडून येणारं पाणी कमी झालं की उथळ डबक्यात अडकलेली पिल्लं बादलीनं डोहात आणून सोडायची. बाटल्यांच्या काचा वेचणं तर पाचवीलाच पुजलेलं. वर लोकांच्या शिव्या. पण ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला तिनं गळासकट, चड्डीवर, शिट्टी फुंकत काठावर आणलं होतं. तो किस्सा कडावच्या बाजारातसुद्धा चवीनं सांगतात.

पण माणूस म्हटलं की एखादी खोड असायचीच. मासे बोलावून दाखवायची तिला भारी हौस. लेक नोकरीसाठी रसायनीला गेला, घर ओकंबोकं झालं, तेव्हापासून डब्यातला भात डोहावर जाऊ लागला आणि मासे तिच्या हाताला सरावले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट मनोजनं, म्हणजे तिच्या चुलत पुतण्यानं, काठावर कुरमुऱ्यांची गाडी लावली. देवीच्या माशांना घास घातला की पुण्य लागतं, असं तो गिऱ्हाइकाला सांगे.

सोमवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे कातळावर आली आणि जागीच थबकली. तीन दगडांची चूल मांडलेली. राख. बाजूला खारीचं रिकामं पाकीट आणि माशांचे लांबलचक काटे. करंजाच्या मुळीला मच्छरदाणीचा फाटका तुकडा अडकून पाण्यात हलत होता.

गळ लागला नाही, जाळं लागलं नाही. ती घरी गेल्यावर कुणीतरी थाप मारली, खारी कुस्करून टाकली आणि विश्वासानं आलेल्या माशांच्या खालून मच्छरदाणी उचलली. एवढं सोपं. आणि ते सोपं तिनंच करून ठेवलं होतं! तिनं कपाळावर हात मारून घेतला.

तिनं पाण्यावर थाप मारली. आले, पण थोडेच. शेवटी थोरली आली. एका अंगाची खवली खरवडून निघालेली, तिथं पांढरं मांस दिसत होतं. आली आणि तिनं भातासाठी तोंड उघडलं.

“अगं येडे, अजून येतेस?” जयवंता म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

दुपारी वनरक्षक नम्रता मोटरसायकलवरून आली. वयानं पोरगी, पण कामाला चोख. तिनं पंचनामा केला, फोटो काढले, मग जयवंताशेजारी कातळावर बसली.

“मावशी, त्यांना शोधायचं मी बघते. पण थर्टी फर्स्ट तोंडावर आलाय. कर्जतपासून इथपर्यंत एक फार्महाउस रिकामं नाही. आणि तुमचा कालचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. मला तिघांनी पाठवला.”

जयवंता तिच्याकडं वळली. “मंग आता वो, मॅडम?”

“माशांना माणसाची भीती वाटायला हवी. तरच वाचतील.”

नम्रतानं तिच्या माणसांकडून काठावरून पाण्यात दगड टाकून घेतले. मासे पळाले. दुसऱ्या दिवशी जयवंतानं थाप मारली, तर सगळे पुन्हा हजर! दगड म्हणजे धोका हे त्यांना कळलं होतं, पण थाप म्हणजे घास हे डोक्यातून गेलं नव्हतं.

“ही थापच त्यांना नकोशी व्हायला पाहिजे,” नम्रता हळूच म्हणाली. “बोलवायचं आणि आले की काठी आपटायची. ते तुम्हालाच करावं लागेल, मावशी. माझ्या थापेला ते एवढे जवळ येत नाहीत.”

“म्या? देवीचे मासे हायेत ते! हात झडतील माजे. दुसरं काय पन सांगा.”

त्या संध्याकाळी ती घरी आली ती तोंड पाडूनच. तिचा नवरा वाल्मिक गोठ्यात म्हशीची धार काढत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, धार काही थांबवली नाही.

“आपल्या नवीनचं आटवतं का तुला?” तो म्हणाला. “तीन वर्सांचा घोडा झाला तरी अंगावर प्यायचा. मंग तू कोरफड लावलीस.”

“मंग?”

“मंग काय! पोरगं तोंड वाकडं करून बोंबललं. तुज्याकडं बघंना. तू बी त्या कोपऱ्यात बसून रडत व्हतीस. पन लागला ना भाकर खायाला? तवा कुटं हात झडले गं तुजे?”

जयवंता उठून चुलीपुढं जाऊन बसली. पण चुलीवरची भाकरी करपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी ती कळकाची काठी घेऊन डोहावर गेली. आधी देवीसमोर उभी राहिली. “बाय, तुजीच लेकरं हायेत. राग धरायचा तर माज्यावर धर,” म्हणाली. मग कातळावर बसून थाप मारली. मासे आले. तोंडं उघडली. जयवंतानं डोळे मिटले आणि दात आवळून काठी पाण्यावर आपटली.

डोह फुटल्यासारखा आवाज झाला आणि क्षणात पाणी रिकामं झालं.

“काकी!” मनोज गाडी सोडून धावत आला. “देवीच्या माशांवर काठी? पाप लागंल, पाप!”

“लागंल तर लागंल. तुज्या कुरमुऱ्याच्या पुन्यातनं कापून घेईन. आदी ती गाडी हलव हितनं!”

मनोज तणतणत गेला. पण खारी आणि मच्छरदाणीची हकिगत त्यानंही ऐकली होती. दोन दिवसांनी त्यानं गाडी आपणहून वरच्या रस्त्याला नेली आणि चहा-भजी सुरू केली. “तुज्यापायी भजी तळायला लागलोय,” असं तो तिला येता-जाता ऐकवायचा आणि वर तिलाच चार भजी द्यायचा.

रोज सकाळी तेच. थाप, मग काठी. आधी लहान मासे यायचे बंद झाले, मग मधले. थोरली मात्र ऐकेना. काठी आपटली की हातभर मागं सरायची आणि पुन्हा तोंड वर काढायची, जणू म्हातारीला वाटत होतं की काहीतरी गैरसमज झालाय. जयवंता तिला हात जोडायची, शिव्या द्यायची. “जा गं! जा की रांडे! मरशील!” थोरली तिथंच.

शेवटी एका सकाळी जयवंतानं काठी पाण्यावर नाही, थोरलीच्या पाठीवर मारली. जोरात नव्हे, पण लागेल अशी. थोरली वळवळली, खाली गेली, पुन्हा आली नाही. जयवंता घरी आली आणि पोट दुखतंय म्हणून न जेवता निजली. वाल्मिकनं तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो शेतावर गेला.

त्यानंतर तिनं थाप मारून पाहिली नाही. धीरच झाला नाही. आली तर पुन्हा काठी उचलायला लागायची आणि तेवढं बळ आता तिच्यात उरलं नव्हतं.

थर्टी फर्स्टच्या दुपारी डोहावर ही गर्दी! नम्रता आणि तिची माणसं वरच्या अंगाला गाड्या अडवत होती. कातळावर जयवंता एकटी, गळ्यात शिट्टी. पाच-सहा तरुण मुलं-मुली पावाचे पुडे घेऊन आली. एकानं वाकून पाण्यावर थाप मारली. मग दुसऱ्यानं. पाणी गप्प.

“इथंच ना तो व्हिडिओ?” एक मुलगी म्हणाली, मग जयवंताकडे बघून ओरडली, “अय्या, काकू! तुम्हीच ना त्या? तुम्ही बोलवा ना, प्लीज! तुमच्या हाकेला येतात.”

जयवंताचा हात शिट्टीकडे गेला. नाही म्हणावं, शिट्टी फुंकावी आणि हाकलावं, असं तिला वाटलं. पण थोरली अजून येते का, हे आज ना उद्या कळायलाच हवं होतं. आणि आज नम्रता जवळ होती, उजेड होता. ती कातळावर बसली. बाही वर सारली. मनात देवीचं नाव घेतलं आणि पाण्यावर हाताच्या थापा मारल्या, अगदी पहिल्यासारख्या.

“याऽऽ गं बायांनो, याऽऽ!”

पलीकडच्या खडकाखाली, खोलवर, एक मोठी सावली दिसली. तुटक्या कोपऱ्याची शेपटी. ती जराशी वळली. जयवंता पुढं वाकली. मग शेपटीचा एक फटकारा बसला आणि सावली खडकाखालच्या अंधारात निघून गेली.

मुलांनी थोडा वेळ वाट पाहिली. “काही नाहीये यार इथं,” एकजण म्हणाला. पावाचे पुडे उचलून ती मंडळी वरच्या रस्त्याला मनोजच्या भज्यांकडे गेली.

नम्रता धावत खाली आली. “मावशी, आले का?”

“नाय,” जयवंता म्हणाली.

“एकही नाही? थोरलीसुद्धा?”

“ती बी नाय आली. बगितलं माज्याकडं आन् गेली.” जयवंता हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “शानी झाली, मॅडम. लई शानी झाली माजी पोर.”

नम्रतानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. वरून कुणीतरी हाक मारली तशी ती पुन्हा गाड्यांकडे गेली. जयवंता तिथंच बसून राहिली. थाप मारलेला हात ओला होता. तो तिनं पदराला पुसला नाही, गुडघ्यावर ठेवला आणि उन्हात तसाच वाळू दिला.