गाठीच्या गाभ्यापर्यंत

इंग्रिडने जुनं पातं काढून डब्यात टाकलं आणि नवं बसवलं. मग शेंगदाण्याएवढी गाठ चिमट्याने सरळ केली आणि बरोबर मधोमध कापली.

"पातं आत्ताच तर बदललंत," टू वांग म्हणाला.

"माहीत आहे."

गाठ उंदराच्या यकृतातली होती, हिरवा चमकणारा रंग जोडलेल्या औषधात भिजवलेली. अशा गाठीत औषध बाहेरच्या सालीपाशीच अडकतं, आतल्या पेशींना त्याचा वासही लागत नाही. इंग्रिड हॉल्वर्सनने आपल्या औषधाच्या रेणूमागे सहा वर्षं घालवली होती आणि तो सालीपलीकडे कधी गेला नव्हता. सेंट पॉलच्या या पोराला, टूला, इथे येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्याचा रेणू लावलेल्या गाठी पार गाभ्यापर्यंत हिरव्या चमकत होत्या. शुक्रवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख कॅरल दोघांपैकी एकाचंच काम चालू ठेवणार होत्या.

इंग्रिडला हे पचत नव्हतं. सालीवरचा रंग पात्याला लागतो आणि पातं तो आत ओढत नेतं, असले हिरवे गाभे तिने पूर्वी पाहिले होते. इथे मिनेसोटात कुणी कुणाला तोंडावर खोटं म्हणत नाही. तिनेही म्हटलं नाही. कॅरलच्या खोलीत जाऊन "एकदा मी कापून बघते" एवढंच सांगून आली. दुपारी टूने घरून आणलेल्या चिकट भाताचा डबा तिच्यापुढे सरकवला, तेव्हाही हा मस्का कशासाठी, असं तिच्या मनात आलं. पोरगा साळसूद होता, आणि साळसूद माणसांचा तिला भरवसा वाटत नसे.

टूने आणून दिलेल्या गाठीचा काप तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गाभा हिरवा होता.

"रंग ओढला गेला असेल."

"असेल," टू म्हणाला. "परत कापा ना."

तिने आणखी एक पातं बसवलं. या वेळी गाभ्यातून बाहेरच्या बाजूला कापलं, म्हणजे सालीचा रंग आत यायला वावच नको. गाभा हिरवाच राहिला. औषध न लावलेली गाठ मागून घेतली, तीही कापली. तिच्यात मिट्ट काळोख होता.

इंग्रिडने दिवा बंद केला. सहा वर्षं पाण्यात गेली होती, आणि त्याचा पुरावा तिने स्वतःच्या हाताने कापून पाहिला होता.

"जिंकलास बाबा," ती म्हणाली. "सांगते कॅरलला, तुझं खरं आहे म्हणून."

"पण ही गाठ माझी नाही. हिला तुमचा रेणू लावलाय."

तिने दिवा पुन्हा लावला.

"तुमच्या खोक्यातली एक कुपी घेतली. मागितली असती तर दिली नसतीत. तुमचा रेणू चांगलाय हो, फक्त भेटेल त्या पहिल्या पेशीला धरून बसतो. माझाही बसायचा. साबणासारखा एक क्षार घालून त्याची पकड सैल केली, आतपर्यंत पसरू दिला आणि मग क्षार धुऊन काढला. तुमच्यालाही तेच केलं."

"लबाडा. आधी सांगायला काय झालं होतं?"

टू टेबलावरचे काप गोळा करत होता.

"तुमचा आहे म्हणून सांगितलं असतं, तर पाती बदलली असतीत?"

इंग्रिडने नवं पातं बसवलं. मग हात पुसून तिने दुसरी गाठ मागितली.