दिसलं, उघडलं

नीबियाने फाइल तिसऱ्यांदा उतरवून घेतली आणि तिसऱ्यांदाही तिच्यात मे महिनाच निघाला. इंटरनेटवरच्या शोधनिकालात वर्तमानपत्राचं पान सरासरी कितव्या जागी दिसतं, त्या रकान्यात साडेबारा असायला हवं होतं; तिथे बारा मे होतं. साडेसातच्या जागी सात मे. आकडे पाठवणारं शोधयंत्र दशांशाला टिंब देत होतं, आणि इथल्या प्रत्येक संगणकाला दशांश म्हणजे स्वल्पविराम एवढंच ठाऊक होतं. टिंब दिसलं की तो तारीख समजायचा. यावर उपाय होता. तो तिला दर महिन्याला नव्याने आठवावा लागायचा.

"झालं का?" पलीकडच्या टेबलावरून पोचोने विचारलं.

"सगळे मे महिन्यात गेलेत."

"मग आधी सांगायचंस की. जागा धरून ठेवली असती."

थर्मास काखेत तसाच ठेवून त्याने मात्तेचा कडू पाला भरलेल्या तुंब्यात गरम पाणी ओतलं आणि तुंबा तिच्याकडे सरकवला. तिने नळीतून एक घोट घेतला. पाला कधीचाच बेचव झाला होता. तरी तिने तुंबा रिकामा करून परत दिला.

पोचो, गावात त्याला सगळे एवढंच म्हणत, मृत्युवार्ता लिहायचा. पायसांदू गावाचं हे वर्तमानपत्र कागदावर निघत होतं तेव्हाही, आणि राजधानीतल्या, मोन्तेविदेओच्या कंपनीने ते विकत घेऊन छपाई बंद केली, फक्त संकेतस्थळ ठेवलं, त्यानंतरही. आता कंपनीला एक एक विभाग तपासायचा होता. लोक काय शोधत येतात, कुठल्या पानावर येतात, वर्षभरात किती वाढलं, किती घटलं. ज्याची घट मोठी तो विभाग बंद. हा हिशेब शुक्रवारपर्यंत नीबियाने द्यायचा होता, आणि आलेखावर मृत्युवार्तांची रेघ मार्चपासून खाली येत होती. पोचोकडे दुसरं काम नव्हतं. पेन्शन अजून दोन वर्षं लांब होती.

यातलं तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

फोन वाजला. अंत्यसंस्कारगृहाचा होता. पोचोने नाव उतरवून घेतलं, वय, दफनाची वेळ. फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला.

"बेकरी का? मी पोचो. अहो, तुमच्या गल्लीतले आन्सेल्मो बेन्तान्कूर म्हणजे कोण हो? . . . उंच? . . . मुलगी साल्तोला दिलेली? . . . हात्तेच्या, लाँड्रीवाला नकट्या! मग तसं सांगा ना. आन्सेल्मो काय आन्सेल्मो."

त्याने फोन ठेवला.

"नकट्या गेला," तो म्हणाला. "माझे सगळे शर्ट त्याने पिवळे केले."

"पण टोपणनाव आता टाकता येत नाही ना?"

"नाही टाकत. पण कोण गेलं ते निदान मला तरी कळायला नको?"

त्याने ठरलेल्या चौकटीत पूर्ण नाव भरलं, वय भरलं, दफनभूमीचं नाव भरलं. चौकट मार्चमध्ये मोन्तेविदेओहून आली होती, सोबत दोन ओळींची सूचना घेऊन: सर्व शहरांतल्या मृत्युवार्ता एकसारख्या असाव्यात, टोपणनावं शोभत नाहीत. त्याआधी इथे प्रत्येक नावापुढे अवतरणचिन्हांत दुसरं नाव असायचं. बारका आणि असली कितीतरी. न्यायाधीश वारले तेव्हाही असायचं. या गावात माणसाचं कागदावरचं नाव त्याच्या बायकोलाही लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा कळायचं, असं म्हणत.

नीबियाने पडद्याकडे पाहिलं. मार्च.

तिने मृत्युवार्तांची पानं वेगळी काढली आणि दोन रकाने शेजारी लावले. शोधनिकालात पान किती वेळा दिसलं. त्यातून किती वेळा उघडलं. दिसण्याची रेघ सपाट होती, थोडी वरच गेली होती. पडली होती ती उघडण्याची. लोक पूर्वीइतकेच विचारत होते. समोर उत्तर येत होतं. ते उत्तर बघून पुढे जात होते.

दुपारी माउरोचा फोन आला. माउरो मोन्तेविदेओत बसायचा, तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, कायम चालता चालता बोलत असल्यासारखा आवाज.

"नीबिया, कुठवर आलं गं?"

"माउरो, मृत्युवार्ता पडलेल्या नाहीत. लोक टोपणनावाने शोधतात. आपण ती काढून टाकली. त्यांना आपलं पान दिसतं, पण त्यावर आन्सेल्मो बेन्तान्कूर लिहिलेलं असतं. तो कोण हे इथे कुणाला माहीत नाही."

"मी तुझी यादी बघतोय. हजार ओळी आहेत. एकही टोपणनाव नाही."

"यंत्र एका वेळी वरच्या हजारच ओळी देतं. नकट्याला शोधणारे वीस-पंचवीस. तो त्या हजारात कसा येईल? पण असे नकटे रोज आहेत."

"अगं, पण यादीत जे नाही ते मी वरच्यांना कसं दाखवू? त्यांना मी काय सांगू, पायसांदूत सगळ्यांना टोपणनावं असतात?"

"असतात."

"तुला काय म्हणतात?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, बरं," तो हसला. "ओळी काढून दे. आकडे असतील तर मी बोलतो. नुसता जिव्हाळा नको पाठवू."

आकडे काढायला एकच वाट होती. एका वेळी एकच दिवस, एकच विभाग. म्हणजे हजाराची मर्यादा पुरत होती. एक दिवस निवडायचा, फाइल उतरवायची, मे महिना पुसून दशांश परत आणायचे, पुढचा दिवस. काही शोध तरीही येत नव्हते. फारच थोड्यांनी केलेले शोध यंत्र कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून झाकून ठेवायचं. ते एकूण बेरजेत असायचे, ओळींत नसायचे. ते तिने सोडून दिले. जे आले ते एकाखाली एक चिकटवत गेली.

लाँड्रीवाला नकट्या वारला का. पोतं गेलं खरं का. मुकी तोता दफन किती वाजता. कोल्हा जिवंत आहे ना.

दिसलं: एकतीस. उघडलं: शून्य. दिसलं: अठरा. उघडलं: एक.

खांदे भरून आले तेव्हा ती उठली, पाय मोकळे करून परत बसली. पोचोने मधे एकदा येऊन तिच्या पाठीमागून पडद्याकडे पाहिलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही तोताची बहीण असणार. कानाने ऐकू येत नाही तिला, रेडिओवरचं कळत नाही." बोट काढून घेतलं. "गेली नाही ती दफनाला. मला वाटलं, भांडण असेल."

तो परत जागेवर जाऊन बसला. 

शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत तिने फाइल पाठवली. वर एक परिच्छेद लिहिला, विशेषणं नसलेला. घट मार्चपासूनची. कारण हे. पुरावा हा. टोपणनावं परत आणल्यास पानं पुन्हा उघडली जातील. मृत्युवार्ता हा पायसांदूचा सर्वांत जास्त विचारला जाणारा विभाग आहे. परिच्छेदात पोचोचं नाव नव्हतं. आकड्यांबरोबर माणसाचं नाव गेलं की आकडे कमी वाटतात, हे ती शिकली होती.

"पाठवलं?" पोचोने कोट चढवत विचारलं.

"पाठवलं."

"मग घरी जा, नीबे. तूही मे महिन्यात गेल्यासारखी दिसतेस."

सोमवारी ती आली तेव्हा त्याचा कोट खुंटीवर होता आणि तो जागेवर नव्हता. तिने मेल उघडले. शनिवार-रविवारचे साठले होते. हवामानखात्याचा इशारा. कंपनीच्या कर्मचारी विभागाचं काही, आनिबाल एदुआर्दो तेचेरा यांच्या सेवेबाबत. मोन्तेविदेओचा कुणी असेल, तिकडचे मेल सगळ्यांना यायचे. वीजकपातीची वेळ. त्याखाली माउरो.

तिने माउरोचा उघडला.

'उत्तम काम. वर सगळ्यांना पटलं. विभाग राहतोय, आणि टोपणनावं परत येताहेत, फक्त तुमच्याकडे नाही, सगळ्या शहरांत. चौकटीत नवा रकाना टाकला आहे. अंत्यसंस्कारगृहं तो नातेवाइकांना विचारून स्वतःच भरतील, मजकूर इकडून आपोआप चढेल. तुझ्या आकड्यांनीच काम झालं.'

पहिली दोन वाक्यं वाचूनच ती उठली होती. बाकीची तिने उभ्याने वाचली, अर्धी. पोचो मागच्या खोलीतून आला. त्याच्या हातात खोका होता. खोक्यात तुंबा, पाल्याचं पाकीट आणि त्याची जुनी उशी, जी तो खुर्चीवर ठेवायचा.

"पोचो, राहिलं! विभाग राहिला. टोपणनावं परत येताहेत."

"हो का?" तो म्हणाला. खरोखर आनंद झाल्यासारखा थांबला. "चला. म्हणजे तोताच्या बहिणीला पुढच्या वेळी कळेल." मग खुंटीकडे पाहून म्हणाला, "हा कोट राहू दे का इथेच? तू थंडीत कुडकुडतेस."

"खोका कशाला?"

"मेल नाही बघितलास? तुला, मला, सगळ्यांनाच आलाय."

"कुठला मेल?"

त्याने खोका टेबलावर ठेवला आणि थर्मासमध्ये पाणी किती उरलंय ते हलवून पाहिलं.

"बस," तो म्हणाला. "एक तुंबा होईल अजून."

ती बसली. पडद्यावर यादी तशीच होती. हवामानखात्याचा इशारा आणि वीजकपातीची वेळ यांच्या मधली ओळ, आनिबाल एदुआर्दो तेचेरा यांच्या सेवेबाबतची, अजून ठळक अक्षरांत होती, न उघडलेली. सकाळपासून ती तिच्या समोरच होती.