उपाशी राहिलेली पिकदाणी

मी पिकदाणी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. पण माझ्या पोटात जे पडलंय, तसलं उंची पेय तुमच्या घशाखाली क्वचितच उतरलं असेल. मी द्राक्षमळ्यातल्या वाइन चाखायच्या खोलीत राहते.

खरं तर मी फुलदाणी व्हायची होते. तांबट मला ठोकत असताना त्याची बायको काहीतरी गमतीचं बोलली, तो हसत सुटला आणि माझं तोंड पसरलं. "हिच्यात फुलं आडवीच पडायची," म्हणत त्याने मला बाजूला टाकलं. द्राक्षमळ्याच्या मालकांना मात्र असंच रुंद तोंड हवं होतं.

दिवसभर वाइन चाखणाऱ्याने प्रत्येक घोट गिळला, तर जेवायच्या वेळेपर्यंत तो टेबलाशी गप्पा मारू लागेल. म्हणून घोट तोंडात घोळवायचा, चव ओळखायची आणि माझ्या हवाली करायचा. कुणाची धार सरळ येते, कुणाची निम्मी शर्टावर सांडते. काही लबाड माझ्यावर नुसतेच वाकतात आणि हळूच गिळून टाकतात. मग त्यांचे कान लाल झाले की मला हसू आवरत नाही.

मालक मात्र या खोलीत एक थेंबही गिळत नसत. कोरड्या पावाशिवाय खाण्याचं काही आत आलेलं त्यांना चालत नसे. "जेवण जिभेला लाच देतं," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या लेकीने वरच्या खडकाळ तुकड्यात जाड सालीची काळी द्राक्षं लावली होती. तिची पहिली वाइन गडद निघाली, भरभक्कम आणि इतकी तुरट, की जीभ खरखरीत व्हायची. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे धाव घेतली. मी काठोकाठ भरले, आणि ती पोर भिंतीला टेकून माझ्याकडेच बघत राहिली. मला फार वाईट वाटलं.

"पुढच्या आठवड्यात एक हॉटेलवाले वाइन निवडायला येताहेत," मालक म्हणाले. "त्यांनीही नाक मुरडलं, तर त्या वेली उपटून टाकू."

"बाबा, ती जेवणाबरोबर प्यायची वाइन आहे. रिकाम्या तोंडाने प्यायलात तर बोचणारच ना!"

"चाखायच्या खोलीत जेवण नाही म्हणजे नाही."

मालक मळ्यात गेले, की लेक आणि तिची आत्या ताटल्या लपवत आत यायच्या. स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात होतं. आधी त्यांनी मासा आणला.

"शी! लोखंडी चमचा चाटल्यासारखं लागतंय गं!" म्हणत आत्या माझ्यावर वाकल्या.

मग लिंबू पिळलेली कोशिंबीर झाली. तीही माझ्याच वाट्याला आली. शेवटी मंद आचेवर शिजवलेलं, चरबीचं, मिरी घातलेलं मटण आलं. एक घास, एक घोट, आणि दोघींनी पुन्हा ग्लास उचलले. चरबीने वाइनचा तुरटपणा मवाळ केला होता, आणि वाइनने तोंडातला तेलकटपणा धुऊन नेला होता.

"अगं, ही बोचेनाशीच झाली की!" आत्या म्हणाल्या. माझ्याकडे कुणी फिरकलंच नाही.

हॉटेलवाले आले. ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घोळवला आणि माझ्यात टाकला. "जरा जहाल आहे हो," ते म्हणाले. मालकांनी मान खाली घातली. तेवढ्यात लेकीने दार उघडलं आणि आत्या सरळ पातेलं घेऊन आत!

"दादा, काय ओरडायचं ते नंतर ओरड. मी वाढतेय."

हॉटेलवाल्यांनी घास घेतला, वर घोट घेतला आणि सवयीने माझ्यावर वाकले. मी वाट पाहतेय, पाहतेय... काही पडेचना! ते तसेच सरळ झाले.

"आणखी थोडं मिळेल का?"

"मटण की वाइन?" आत्यांनी विचारलं.

"दोन्ही! आमच्या हॉटेलातही दोन्ही एकत्रच देईन म्हणतो."

लेकीने बाबांपुढे ताटली सरकवली. मालकांनी घास घेतला, घोट घेतला आणि फुगलेल्या गालांनी माझ्यापाशी आले. त्यांचं तोंड अगदी माझ्यावर होतं. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांचा गळा हलला.

"नाही उपटायच्या वेली," ते माझ्यावर वाकूनच पुटपुटले. पण मी तांब्याची! त्यांचं पुटपुटणं माझ्या पोटात असं घुमलं, की खोलीभर ऐकू गेलं. लेक रडत हसत बाबांच्या गळ्यात पडली. आत्यांनी त्या आनंदात माझ्यात फुलं खोचली. ती लगेच आडवी पडली, पण कुणाचं लक्षच नव्हतं.

आता या खोलीत दुपारी पातेलंही येतं. तुम्हीही या. बाकीच्या वाइन खुशाल माझ्यात टाका, माझी तक्रार नाही. पण लेकीची बाटली उघडली, की एवढी कृपा करा, मला उपाशी ठेवा.