वाल्सिन मेशचं हसू

"पप्पा, मान वर करा जरा," एर्लीन म्हणाली आणि बापाच्या टायची गाठ तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधायला लागली. "आणि कोणी विचारलंच, तर भाताच्या गिरणीत यंत्रांकडे बघता एवढंच सांगा. तेवढं पुरे."

"मग मी दुसरं काय सांगणार आहे?"

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते."

वाल्सिनला कळत होतं. आठवडाभर तो गिरणीत पट्टे बसवायचा, तेल घालायचा, अडकलेली चाकं सोडवायचा. पण रविवारी दुपारी मादाम लेजेच्या नाचघरात त्याचं अकॉर्डियन आणि नोएचं व्हायोलिन सुरू झालं, की तीन गावांतली माणसं नाचायला यायची. गेल्या वर्षी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने दुकानामागच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगून, दोघांच्या गाण्यांची एक तबकडी काढली होती. ती रेडिओवर वाजायची. घराघरांत होती. गावात वाल्सिनला पेट्रोल भरणारा पोरगाही नावाने ओळखायचा.

पण एर्लीन बोमाँट शहरात टेलिफोन कंपनीत लागली होती आणि त्या शहरातल्याच हॉलिसांच्या डग्लसशी आज तिचं लग्न होतं. तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे लोक. आपल्या गावाकडच्या फ्रेंच बोलण्याला आणि त्या वाजवण्याला तिथे काय म्हणतात, हे तिने रोज ऐकलं होतं. वाल्सिनने तिच्यावर राग धरला नाही. इंग्रजी शाळेत घरची फ्रेंच बोलला म्हणून मास्तरणीने मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवलेला मुलगा तो. पोरीच्या मनातलं त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"व्हायोलिन तर नोए घेऊनच निघालाय," ओझित, त्याची बायको, आतून म्हणाली. "म्हणतो, पाराँ आहे मी तिचा, धर्मबाप. मांडीवर घेऊन बाप्तिस्मा केलाय. नवरीची फेरी वाजवल्याशिवाय कसा राहू?"

एर्लीनचे हात थांबले. "ते गाडीतच राहू दे म्हणावं, ममा."

व्हायोलिन गाडीतच राहिलं. नोएने कारण विचारलं नाही. लग्नाच्या मेजवानीला हॉटेलच्या दालनात पांढऱ्या कोटातला पियानोवाला होता, कडा कापलेली छोटी सँडविचं होती, आणि मेश कुटुंबाला मुख्य टेबलावर मान मिळाला होता. नोए वाल्सिनच्या शेजारीच बसला होता. ओझितला इंग्रजी येत नव्हतं. ती सगळ्यांकडे बघून मान डोलवत होती.

व्याही, मिस्टर हॉलिस, मोकळ्या स्वभावाचे होते. वाल्सिन एकटा पडलाय असं वाटून ते मुद्दाम त्याच्याकडे वळले.

"तुमच्या भागातून मी नेहमी गाडीने जातो," ते म्हणाले. "मागे एकदा पहाटे रेडिओ लावला. काय सांगू, दारात मांजराची शेपटी अडकावी तसा आवाज. आणि शेजारी एक माणूस रडतोय. आय-याय-याय! बायकोला म्हटलं, अगं, याच्याकडे डॉक्टर तरी पाठवा कोणीतरी."

टेबलावर हशा पिकला. ती आरोळी वाल्सिनची होती. गाण्याची तशी सुरुवात दुसरा कोणी करत नव्हता.

"तुम्हाला तरी सहन होतं का हो ते?"

नोएकडे न बघता वाल्सिन म्हणाला, "आम्ही बंद करतो रेडिओ."

आणि तो हसला. आधी थोडंसं, मग सगळे हसतायत म्हणून मोठ्याने.

"पण वाजवतं कोण हे असलं?" डग्लसच्या आईने विचारलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. ठाऊक नाही म्हणता आलं असतं. पण हसणाऱ्या माणसांत आपणही एक झालो, याचं वाल्सिनला इतकं बरं वाटत होतं की त्याच्या तोंडून निघून गेलं, "असतात काही. दारुडे. दुसरा कामधंदा नसलेले."

नोए लढाईत चार देश फिरून आला होता. टेबलावरच्या इंग्रजीतला शब्दन् शब्द त्याला कळत होता. आणि बायको गेल्यापासून त्याने दारूला हात लावला नव्हता. त्याने हातातला काटा ताटलीच्या कडेला ठेवला, मांडीवरचा रुमाल काढून त्याची नीट घडी केली. समोर एर्लीन खाली बघत होती. तिने बापाला गप्प राहायला सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. तिची मान लाल झाली होती.

परतताना ट्रकमध्ये तिघं होते. ओझित मध्ये बसली होती.

"ते एवढे कशाला हसले रे?" तिने नवऱ्याला विचारलं. "तूही हसलास. मला सांगितलंच नाहीस."

वाल्सिनने गिअर बदलला.

"पावसावरून काहीतरी चाललं होतं," खिडकीशी बसलेला नोए म्हणाला. "आपल्याकडे फार पडतो म्हणून."

"हात्तिच्या," ओझित म्हणाली.

नोएने शिव्या घातल्या असत्या तर वाल्सिनने ऐकून घेतल्या असत्या. गाडी नोएच्या दाराशी थांबली. त्याने पायाशी ठेवलेलं व्हायोलिन उचललं, ओझितला शुभरात्री म्हटलं आणि तो आत गेला.

तिसऱ्या दिवशी गिरणीच्या दुपारच्या सुट्टीत वाल्सिन नोएच्या खाटकाच्या दुकानात गेला. नोए आतड्यांत भात आणि मांस भरून बुदँ करत होता. गिऱ्हाईक नव्हतं.

"नोए, ते मी..."

"पोरीसाठी बोललास. समजलं मला."

"तिला तिथे राहायचंय ना. त्या लोकांत."

"म्हणून तर व्हायोलिन गाडीत ठेवलं मी." नोएने आतडं पिळून गाठ मारली. "रेडिओ बंद करतो म्हणालास, ते पोरीसाठी. दारुडे म्हणालास, ते कोणासाठी?"

कोणासाठी, ते वाल्सिनला माहीत होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

"रविवारी येणार ना?" त्याने विचारलं.

"येईन की. लोक येतात. त्यांनी काय केलंय?" नोए म्हणाला आणि त्याने कागदात बुदँ बांधून पुढे केलं. "ओझितला दे. तिला गरम आवडतं."

रविवारी नाचघर भरलं होतं. बायका पंखे हलवत भिंतीलगत बसल्या होत्या, पोरं आतल्या खोलीत झोपवली होती. वाल्सिनने अकॉर्डियन मांडीवर घेतलं. अकॉर्डियनचे सूर बांधलेले. ते बदलता येत नाहीत. व्हायोलिनवाल्यालाच त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणून दर रविवारी नोए खुर्ची ओढून वाल्सिनच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा, कान खाली करायचा आणि म्हणायचा, "दे." वाल्सिन एक सूर धरून ठेवायचा. नोए डोळे मिटून खुंट्या पिळायचा. या वेळात दोघं एकमेकांशी आठवड्याचं काय ते बोलून घ्यायचे. नोएची बायको होती तोवर वाल्सिनला चिडवायची, हा माझ्यापेक्षा तुझ्याच जास्त जवळ बसतो.

वाल्सिनने सूर धरला आणि वाट बघितली.

नोए खुर्ची होती तिथेच ठेवून बसला होता. त्याने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं.

"लावून घे ना," वाल्सिन म्हणाला.

"घरूनच लावून आणलंय."

"कशावरून लावलंस?"

"तबकडीवरून," नोए म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. मादाम लेजेने दारातून हात केला. लोक जोड्या धरून उभे राहिले होते. वाल्सिनने अंगठा पट्ट्यात घातला आणि भाता उघडला. पहिल्या सुराला व्हायोलिन तंतोतंत जुळलं, केसभरही इकडेतिकडे नाही. आरोळी देऊन सुरुवात करायची ती जागा आली आणि गेली. वाल्सिन खाली बघून वाजवत राहिला. जोड्या फिरू लागल्या.